शेवटच्या कडव्याआधी

भोंग्याला आपण नीट ओळखत होतो, असं बाइंडरला छातीठोकपणे म्हणता येणार नाही. एकाच छपाई कारखान्यात, एकाच छपराखाली दोघांचं उभं आयुष्य गेलं. भोंगा मोठ्या मशीनवर, आणि बाइंडर पलीकडच्या भिंतीला लागून, पुस्तकांच्या पाठी चिकटवायला. पण मशीन चालू असताना तिथे कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नसे, आणि मशीन तर दिवसभर चालू. त्यामुळे भोंग्याचे हात बाइंडरला पाठ होते. शाई कुठल्या नखात अडकते, चिडला की कुठला अंगठा हलतो, सगळं. पण बायको गेली तेव्हा हा माणूस रडला का, त्याला कशाची भीती वाटत होती, तो मनातून सुखी होता की नुसताच दणदणीत होता, ह्यातलं काही बाइंडरला ठाऊक नव्हतं. आता विचारायची सोय राहिली नाही. भोंगा गेल्यावर त्याची सून म्हणाली, "काका, तुम्हीच त्यांचे सगळ्यात जुने मित्र." बाइंडरने मान डोलावली, पण घरी येईपर्यंत त्याला अपराध्यासारखं वाटत राहिलं.

भोंगा हे नाव कारखान्यातलं. मशीनच्या घरघरीवरून पलीकडे पोचेल असा आवाज एकट्या त्याचाच होता. मशीनने पुढे त्याचे कान खाल्ले, आवाज मात्र तसाच ठेवला. निवृत्त झाल्यावरही तो समोरच्याशी असा बोलायचा, की जणू मध्ये कागदाची रिळं रचून ठेवली आहेत.

आणि अशा माणसाच्या नशिबी गाणारी नात आली. गाणारी म्हणजे हळू गाणारी. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवायची आणि संध्याकाळी गिटार घेऊन बसायची. गाणी तीच लिहायची, चाली तीच लावायची, म्हणायचीही तीच.

"सगळी खाती एकटीच सांभाळते," भोंगा अभिमानाने सांगायचा. "छपाई, बांधणी, विक्री. तुझ्यामाझ्यासारखं नाही, एक काम धरलं आणि म्हातारे झालो."

नातीला कुठलं मोठं सभागृह मिळणार? कोणी कोपरा दिला की तिथे ती गायची. पहिला कार्यक्रम सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत झाला. भोंग्याला एकट्याने जायचं नव्हतं, म्हणून त्याने बाइंडरला नेलं. नेलं म्हणजे घरी येऊन विचारलं, "काय करतोयस?" बाइंडर म्हणाला, "काही नाही." झालं. काही नाही म्हणणाऱ्या माणसाला पुढे नाही म्हणता येत नाही, हे त्याला आयुष्यभर कळूनही वळलं नव्हतं.

खोलीत टायरांचा वास, भिंतीवर उलटी टांगलेली चाकं, आणि बसायला लाकडी खोकी. आलेली सगळी पोरं विशीतली. सांगितलेल्या वेळेला काहीच सुरू झालं नाही. मग नात आली, हसली आणि गिटारच्या खुंट्या पिळत बसली. एक तार लागली की दुसरी उतरायची. मग तिने पहिलं गाणं कसं सुचलं ते सांगितलं. तेवढ्या वेळात बाइंडरच्या एका पायाला मुंग्या आल्या.

"काय म्हणाली?" भोंग्याने विचारलं. अख्ख्या खोलीला ऐकू गेलं.

"गाणं कसं सुचलं ते सांगतेय," बाइंडर कुजबुजला.

"मग म्हण म्हणावं की आता!"

पोरं हसली. नातही हसली. बाइंडरने मान एवढी खाली घातली, की पुढच्या पोराच्या बुटाची नाडी कशी बांधलेली आहे हे त्याला आजही आठवतं.

गाणी मात्र वाईट नव्हती. निदान बाइंडरला तसं वाटलं; त्याला गाण्यातलं कळतं असं तो कधी म्हणाला नाही. शेवटचं गाणं खोली सोडून जाणाऱ्या एका मुलीचं होतं. ती सामान बांधते, भिंतीवरचे खिळे काढते, टेंपो येतो, सामान जातं. मग गिटार थांबते. नात डोळे मिटते आणि कोणी श्वाससुद्धा घेत नाही.

त्या शांततेत भोंग्याने हात वर केले आणि दोन दणदणीत टाळ्या वाजवल्या.

लगेच सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. पोरं उभी राहिली, कोणी शिट्टी मारली. नातीने डोळे उघडले, तोंड उघडलं, मिटलं, आणि उठून वाकून नमस्कार केला. कार्यक्रम संपला.

बाइंडरला त्या दोन टाळ्या कुठून आल्या ते बसल्या जागी कळलं. आणखी कोणाला कळण्यासारखं नव्हतंच. कारखान्यात कागद अडकला की मशीन बंद व्हायचं आणि चारपाच माणसं रुळांत हात घालून फाटका कागद उपसायची. पुन्हा सुरू करायच्या आधी भोंगा दोन टाळ्या द्यायचा. आजूबाजूच्या प्रत्येकाने टाळी वाजवून उत्तर द्यायचं. तोंडाने 'हो' म्हटलेलं चालायचं नाही, कारण हो म्हणणाऱ्याचा एक हात आत असू शकतो. टाळी वाजवणाऱ्याचे दोन्ही बाहेर असतात. सगळ्यांची उत्तरं आली की मगच भोंगा बटण दाबायचा. बांधणीतल्या माणसांचा मशीनशी काही संबंध नव्हता, तरी सवयीने तेही हातातला ब्रश ठेवून टाळी द्यायचे. भोंग्याच्या सगळ्या कारकिर्दीत त्याच्या मशीनवर कोणाचं बोट गेलं नाही. म्हणून शांतता पडली की त्याचे हात आपोआप वर जात. त्याला ते कळतही नसे.

पण त्या दिवशी बाहेर पडताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "बघितलंस? सगळे मेल्यासारखे बसले होते. मी सुरुवात केली म्हणून! नाहीतर पोरगी बिचारी डोळे मिटून वाट बघत बसली असती."

आठवड्याभरात नात बाइंडरच्या दारात उभी. "आजोबा, एक सांगू? रागावणार नाही ना? ते शेवटचं गाणं तिथे संपत नाही. अजून एक कडवं आहे. खरं तर त्या कडव्यासाठीच गाणं लिहिलंय."

"मग म्हणायचं होतंस."

"एवढ्या टाळ्या पडल्यावर कसं म्हणणार? तुम्ही त्यांना सांगाल का? तुमचं ऐकतात ते."

भोंग्याने कोणाचं ऐकल्याचं बाइंडरच्या पाहण्यात नव्हतं. "तूच सांग की, तुझेच आजोबा."

"त्यांना वाईट वाटेल. आमच्या घरातले तेवढेच एक येतात."

"मग लोकांना आधीच सांगून टाक, की मध्ये थांबणार आहे म्हणून."

"छे! असं समजावून सांगितलं की गाण्यातली मजा जाते."

बाकी प्रत्येक गाण्याआधी पाव तास समजावून सांगणारी मुलगी हे म्हणत होती. वाद घालणं हा बाइंडरचा प्रांत नव्हता.

सुनेला त्याने गाठलं, तर तिने हात जोडले. "काका, मी बोलले तर म्हणतील, सून टोचून बोलते. आधीच मी त्यांच्या टीव्हीचा आवाज कमी करते म्हणून घरात दोन पक्ष पडलेत. तुम्हीच बघा."

बघा म्हणजे काय बघा? बाइंडरने सांगायचं ठरवलं आणि प्रत्येक वेळी त्याच्या तोंडात मिठाची गुळणी. भोंगा आता कार्यक्रमाच्या दिवशी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून यायचा. पुस्तकांच्या दुकानात झालेल्या कार्यक्रमाला तो मुद्दाम मधल्या खुर्चीवर बसला. "इथून दोन्हीकडे आवाज जातो," त्याने खुलासा केला. म्हणजे आपल्या टाळीचा. त्याला सांगायचं, की बाबा रे, तुझ्या मदतीनेच तिचं गाणं अर्धवट राहतं? हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून बाइंडरने आडवाटेने प्रयत्न केले. एका कॉफीच्या दुकानात त्याने शेवटच्या गाण्याआधी भोंग्याच्या हातात गरम कप दिला. भोंग्याने तो एका दमात संपवला, चुरगळला, खिशात कोंबला आणि वेळेवर टाळ्या वाजवल्या. पुढच्या वेळी दोन कप दिले, "माझाही धर जरा" म्हणून. त्याने दोन्ही पायांत ठेवले आणि टाळ्या वाजवल्या, वर उठताना बाइंडरचा कप लाथेने सांडला आणि "तू कप नेहमी खाली का ठेवतोस?" म्हणून बाइंडरलाच ओरडला. त्यानंतर एकदा, शांतता जवळ येतेय असं दिसताच, बाइंडरने धीर करून त्याचं मनगटच घट्ट धरलं.

"काय रे, चक्कर येतेय?" भोंगा त्या नाजूक गाण्याच्या मधोमध गरजला.

माना वळल्या. एक मुलगी पाणी घेऊन धावली, एकाने बाइंडरच्या शर्टाचं वरचं बटण सोडलं, कोणी पेपराने वारा घालायला लागलं. नात गाणं सोडून उठली. त्या दिवशी टेंपो जायचं कडवंसुद्धा पुरं झालं नाही. घरी जाऊन बाइंडर आरशासमोर उभा राहिला आणि त्याने स्वतःलाच विचारलं, की निवृत्त माणसाच्या डोक्याला हा ताप कशासाठी?

त्या खोल्यांचाही त्याला वैताग आला होता. टेकायला कुठे पाठ नाही. निम्मे लोक गाणं ऐकण्याऐवजी फोन वर धरून त्याचं चित्रण करणार. कॉफीचं यंत्र नेमकं हळव्या ओळीला फुस्स करणार. आणि हे सगळं सोसून शेवटी जे ऐकायचं ते कडवं कधीच नाही! एवढ्या कार्यक्रमांना जाऊन त्याला ते माहीत नव्हतं. नातीला विचारलं, तर म्हणे, "म्हणूनच दाखवीन, सांगणार नाही." आजोबाची नात शोभायची.

मग ती बातमी घेऊन आली. नव्या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित करणारे एक गृहस्थ वाचनालयाच्या वरच्या दालनातल्या कार्यक्रमाला येणार होते. त्यांना तेच गाणं ऐकायचं होतं. आवडलं तर ते त्याची रेकॉर्ड काढणार होते. "आजोबा, एकदाच," ती म्हणाली. "एकदाच पूर्ण होऊ दे." तिच्या आवाजात ह्या वेळी हसू नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दोघं बसथांब्यावर उभे होते. बस येत नव्हती. भोंगा रंगात आला होता. "उद्या त्या माणसाच्या मागेच बसतो. अशी सुरुवात करतो, की दचकून सही करेल."

बाइंडरच्या तोंडून निघून गेलं, "नको करूस सुरुवात! गाणं संपलेलं नसतं!"

"काय?"

"संपलेलं नसतं तिथे! पुढे कडवं आहे!" बाइंडर ओरडला. आयुष्यात इतक्या जोरात तो कधी बोलला नसेल. थांब्यावरची बाई दोन पावलं बाजूला सरकली. "तू टाळ्या वाजवतोस आणि तिला थांबावं लागतं. दर वेळी. पहिल्यापासून."

भोंग्याचा अंगठा हलायला लागला. तो म्हणाला, "मग ती थांबते कशाला?"

"ते गाण्यातलंच थांबणं आहे."

"थांबलं म्हणजे थांबलं. मध्येच बंद करून ठेवायचं आणि पुन्हा चालू करायचं, न सांगता? अरे, कोणाचा हात असेल आत!"

"गाण्यात कोणाचा हात असणार?"

भोंग्याने रस्त्याकडे तोंड केलं. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि मला आज सांगतोस. ते कप, ते मनगट... मला वाटलं तुझं आता काही खरं नाही. सुनेला म्हटलंसुद्धा मी, ह्याला डॉक्टरकडे न्यायला पाहिजे." बस आली. तो चढला आणि खाली उभ्या बाइंडरकडे न बघता पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तो येईल की नाही, ह्याचीच बाइंडरला धास्ती होती. आला. दाढी केलेली नव्हती. बाइंडरशी एक शब्द न बोलता तो शेवटच्या रांगेत जाऊन बसला आणि त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. बाइंडर शेजारी बसला. दालन भरलं होतं. नेहमीची सगळी पोरं आली होती, त्यांनी आपापली माणसं आणली होती. ते गृहस्थ पुढे, कडेच्या खुर्चीवर, हाताची घडी घालून.

शेवटचं गाणं आलं. सामान बांधून झालं, खिळे निघाले, टेंपो गेला. गिटार थांबली. बाइंडरने बाजूला पाहिलं. भोंग्याचे खांदे वर गेले होते, मानेची शीर ताठ, पण हात जागच्या जागी. बाइंडरने सुटकेचा श्वास घेतला.

आणि सगळ्या दालनाने टाळ्या वाजवल्या.

हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं! इतक्या कार्यक्रमांत भोंग्याने ह्या पोरांना शिकवून ठेवलं होतं, की गाणं इथे संपतं आणि टाळी इथे वाजते. आता त्यांना भोंग्याची गरज नव्हती. पहिल्या रांगेतलं एक पोरगं तर त्याच्यासारखे हात वर करून वाजवत होतं. नात डोळे उघडून बघत राहिली. तिचं तोंड उघडलं आणि मिटायला लागलं. त्या गृहस्थांनी हाताची घडी सोडली आणि तेही वाजवू लागले.

"ए! हात खाली!"

भोंगा उभा राहिला होता. मशीनवरचा तो हुकमाचा आवाज बाइंडरने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. काचा थरथरल्या असं पुढे सून सांगायची, पण ती तिथे नव्हती. "संपलेलं नाही अजून! कोणी सांगितलं संपलं म्हणून? हात खाली सगळ्यांचे! तू रे, पुढचा, तू पण! चालू आहे ते! पोरी, म्हण तू."

दालन चिडीचूप. नातीला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी, आणि तिने ते तसंच ठेवून शेवटचं कडवं म्हटलं.

खिडकीपाशी कप राहिला,
अर्धा चहा त्यात तसाच.
राहू दे म्हटलं, राहू दे,
कोणीतरी होतं इथे, कळू दे.

ते संपल्यावर कोणाची टाळी वाजवायची छाती झाली नाही. सगळे माना वळवून शेवटच्या रांगेकडे बघत बसले. भोंग्याला कळेना लोक आपल्याकडे का बघतात. शेवटी बाइंडरने कोपर मारलं. "वाजव आता."

"नक्की?"

"नक्की रे बाबा, वाजव!"

भोंग्याने हात वर केले आणि दोन टाळ्या दिल्या. उत्तर आलं ते असं, की खालच्या मजल्यावरचा ग्रंथपाल काय झालं म्हणून जिना चढून वर आला.

ते गृहस्थ जाताना नातीला म्हणाले, "गाणं घेऊ आपण. आणि मध्ये उठून ओरडणारा तो म्हातारा, ती कल्पना चांगली आहे. रेकॉर्डवर पण ठेवू या." नातीने कपाळावर हात मारला. बाइंडरने तेव्हा तोंड फिरवलं, कारण त्याला हसू आवरत नव्हतं आणि अशा प्रसंगी हसावं की नाही हे त्याला कधीच ठरवता आलं नाही.

दोघं बसथांब्याकडे निघाले. अबोला कुठे संपला ते दोघांनाही कळलं नाही.

"एका कपासाठी एवढं?" भोंगा म्हणाला. "मला वाटलं काय असेल आणि काय नसेल. कप विसरली तर परत जाऊन आणायचा. टेंपो काही फार लांब गेला नसेल."

"गाणं आहे ते."

"हो, पण कप चांगला असेल तर?" थोडं चालून तो थांबला. "म्हटलं मात्र चांगलं तिने. आधीच सांगितलं असतंस, तर इतक्या वेळा ऐकायला मिळालं असतं."

बाइंडरला खूप काही बोलायचं होतं. टाळ्यांविषयी, त्या मशीनविषयी, कोणाचं बोट न गेल्याविषयी. पण तो तसा बोलणारा नव्हता, आणि रस्त्यावर एवढ्या मोठ्याने ते बोलताही आलं नसतं. बस आली. बाइंडरची बस वेगळी होती, म्हणून तो खालीच उभा राहिला. भोंगा चढून खिडकीशी बसला आणि काच ओढायला लागला. ह्यानंतर दोघांची भेट झाली नाही. महिन्याभरात भोंगा झोपेतच गेला.

"काच लावून घे," बाइंडर खालून म्हणाला. "वारा आहे."

"काय?"

"काच! काच लाव!"

"लागत नाही ती. अडकलीये."

"मग दुसरीकडे बस की! सगळी बस रिकामी आहे."

"बसलोय आता," भोंगा म्हणाला. "जा तू."